पाली-हातखंबा रस्त्यावरचं गॅरेज आणि ‘लिंप’ला गेलेली गाडी

“काकी, गाडी लिंपला गेलीय,” मेस्त्री म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी आईनं लिंपलेली चूल आली. मग शब्द कानात नीट बसला. इंग्रजीतला लिंप, लंगडण्याचा! हायस्कुलात २९ वर्षं इंग्रजी शिकवलं, हा शब्द कितीदा फळ्यावर लिहिला असेल, पण तो गॅरेजमधल्या माणसाच्या तोंडी रोजचा झालाय हे मला त्या दिवशी कळलं.

रत्नागिरी जिल्ह्यात पालीहून हातखंब्याकडे जाताना हे गॅरेज लागतं. नावाची पाटी नाही. पत्र्यावर निळ्या रंगात ‘डिझेल, टर्बो, स्कॅनिंग’ एवढंच रंगवलंय आणि पुढ्यात मोठा फणस आहे, त्याची खूण ठेवा. ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे आणि घाट चढायचे आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

आमची गाडी २०१६ ची, सात माणसांची. यजमान श्रावणात चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरले, तेव्हापासून दर पंधरवड्याला त्यांना रत्नागिरीला व्यायामोपचाराला न्यावं लागतं. त्या दिवशी आंजणारीला काजळी नदीचा पूल ओलांडून चढाला लागलो आणि गाडी ओढेनाशीच झाली. पाय पूर्ण दाबला तरी काटा तीन हजार फेऱ्यांच्या वर जाईना. समोर इंजिनाचा पिवळा दिवा. मागे ट्रकांची रांग. मुलगा तिसऱ्या गिअरवर कशीबशी गाडी वर घेऊन आला.

हाच दिवा आठ दिवसांपूर्वीही लागला होता. तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजमध्ये यंत्र जोडून पाच मिनिटांत दिवा घालवला आणि ८०० रुपये घेतले. काय बिघडलंय ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं असं धरून चाललो.

या मेस्त्रींनी यंत्राला हातच लावला नाही आधी. “चढाला शिट्टीसारखा आवाज येतो का?” हे पहिलं विचारलं. “धूर काळा येतो का?” हे दुसरं. मग काचा खाली करून स्वतः गाडी चालवली, मला शेजारी बसवलं आणि पालीच्या दिशेनं एक फेरी मारून आणली. गाडी कुठे अडते, कुठे ओढते, कान देऊन ऐकत होते. परत आल्यावर स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर लावला. आकडा आला पी०२९९. टर्बो जेवढी हवा दाबून द्यायला हवी तेवढी पोचत नाही, असा त्याचा अर्थ. हे त्यांनी मला पाना हातात घेऊन समजावलं: गाडीतला कॉम्प्युटर हवेचा दाब मोजत असतो, दाब कमी पडला की तो डिझेल आखडतं घेतो, जोर कमी करतो, म्हणजे इंजिनाला इजा न होता माणूस निदान घरापर्यंत पोचतो. यालाच गाडी ‘लिंप मोड’ला, थोडक्यात लिंपला गेली म्हणतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती बऱ्याचदा एकाच गिअरमध्ये अडकून राहते. “लंगडतेय म्हणजे जपून चालतेय, काकी. तिला रागवायचं नाही, कुठे दुखतंय ते बघायचं.”

हे वाक्य मला फार आवडलं, कारण शब्दाचा अर्थही तोच आहे. लिंप म्हणजे एका पायावर भार न देता, अडखळत चालणं. इंग्रजीत क्रियापद म्हणूनही येतं आणि नाम म्हणूनही: ‘ही वॉक्स विथ अ लिंप’, त्याच्या चालण्यात लंगड आहे. इंजिन बिघडलेली बोट धक्क्याला आली तरी ‘द बोट लिंप्ड इंटू हार्बर’ असंच म्हणतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असा एखादा ट्रॉलर येताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हा वापर समजावून सांगावा लागत नाही. आपण म्हणू, रखडत रखडत बंदराला लागला.

मुलं चुकायची ती विशेषणात. लिंप हे विशेषण म्हणून आलं की लंगडेपणाचा संबंध सुटतो. मग त्याचा अर्थ लुळा, मलूल, ताठा गेलेला. दुपारपर्यंत बाजारात राहिलेली कोथिंबीर लिंप असते, लंगडी नसते. लंगड्यासाठी विशेषण आहे लेम, आणि आपण ‘लंगडी सबब’ म्हणतो तसं तेही ‘लेम एक्स्क्यूज’ म्हणतात. माणसाला मात्र लेम म्हणू नये, तोंडावर लंगडा म्हटल्यासारखंच लागतं ते. आणि हॉबल वेगळा. त्यात चालण्याचे कष्ट जास्त आहेत, खुरडत चालणं आहे. शिवाय हॉबल म्हणजे जनावर लांब जाऊ नये म्हणून त्याचे पाय बांधणं, आपला अस्सल पायबंद. वर्गात मी पायबंद हा शब्द वापरला की गुरं राखणारी मुलं सगळ्यात आधी हात वर करायची.

यजमान तोवर फणसाखाली बाकावर बसले होते. त्यांच्या कागदावर डॉक्टरांनी ‘अँटाल्जिक गेट’ लिहिलंय. ग्रीकमध्ये अल्गोस म्हणजे वेदना आणि इंग्रजीत हे गेट म्हणजे चालण्याची ढब; वेदना टाळण्यासाठीची चाल. दुखरा पाय जमिनीवर कमी वेळ टेकतो आणि चांगला पाय घाईनं पुढे येतो. फिजिओथेरपीच्या ताईंनी पहिल्या दिवशी एक्स-रे बाजूला ठेवून त्यांना खोलीत चार वेळा चालायला लावलं होतं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूलाच धरली होती, ती त्यांनी उलट्या हातात दिली. मेस्त्रींनी आधी गाडी चालवून पाहिली तेव्हा मला त्या ताईच आठवल्या.

दुखणं निघालं टर्बोकडून जाणाऱ्या रबरी पाइपात. नवा पाइप रत्नागिरीहून दुचाकीवरून आला, त्याला तीन तास गेले. स्कॅनिंगचे ३००, पाइपाचे २,४५०, मजुरी ६००. काम झाल्यावर मेस्त्रींनी पुन्हा चढावर नेऊन दाखवलं आणि मगच दिवा पुसला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

उणं म्हणाल तर बसायला तो एकच बाक आणि बाईमाणसाची सोय नाही. साठीच्या पुढचं माणूस बरोबर असेल तर हे लक्षात ठेवा, आम्हाला समोरच्या घरात विनंती करावी लागली. फोन उचलत नाहीत, हात कायम तेलात. बिल हातानं वहीच्या कागदावर लिहून देतात, पण सुटं सुटं लिहितात.

जुना पाइप त्यांनी टाकला नाही, माझ्या हातात दिला. वरून अगदी धड दिसत होता. दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा आतल्या अंगाला करंगळीएवढी चीर उघडली. त्याच संध्याकाळी परतताना आंजणारीचा चढ गाडीनं चौथ्या गिअरवर काढला आणि मागच्या सीटवरून हे म्हणाले, “आता माझंच राहिलं.” पुढची तारीख गुरुवारची आहे.