शिह-पॉम पिल्लू: खान्देशच्या उन्हात झेपेल का?

शिह त्झू आणि पॉमेरेनियन या कुत्र्यांच्या दोन जातींचं हे मिश्रण. पहिला ४ ते ७ किलोचा, निवांत, मांडी सोडत नाही. दुसरा जेमतेम ३ किलोचा, पण बेल वाजली की अख्खी गल्ली जागी करतो. पिल्लात कोण उतरेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही, म्हणून जमलं तर आई-बाप दोघं बघा. मेख अशी, की आपल्याकडे ‘पॉमेरेनियन’ म्हणून दाखवतात तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ निघतो. मग पिल्लू अंदाजापेक्षा मोठं होतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. नाक शिह त्झूसारखं चपटं आलं तर धापा टाकूनही अंग नीट थंड होत नाही, वर पॉमची दुहेरी लव. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला की फिरवणं पहाटे, नाहीतर फरशी निवल्यावर रात्रीच. केस मुळापासून भादरू नका, पुन्हा नीट येतीलच असं नाही. दिवसाआड विंचरून सुटलेली लव काढा. गळपट्टा नको, छातीचा पट्टा घ्या, कारण श्वासनलिका नाजूक असते. गुडघ्याची वाटी सरकते का, हेही डॉक्टरांना तपासायला सांगा.

भरीत, शेवभाजी ताटाखाली सरकवू नका. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कूलर चालणाऱ्या घरासाठी साडेतीन तारे, पत्र्याच्या खोलीसाठी एकही नाही. आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी विकत असेल तर सरळ परत फिरा. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ती विक्रीच बेकायदा आहे.