संत्र्याच्या शिरक्यासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. तोडीच्या वेळी व्यापारी लहान आणि डागी फळे बाजूला काढतो. त्या फळांचा शिरका (व्हिनेगर) करावा म्हणून गेल्या फेब्रुवारीत, मृग बहाराची म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या फळांची तोड चालू असताना, मी रसातली साखर मोजणारा ० ते ३२ ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला (ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे किती ग्रॅम साखर, त्याचे माप). रसातल्या साखरेचा आधी मद्यार्क होतो आणि मग हवेच्या संपर्कात त्याचे आम्ल होते, त्यामुळे सुरुवातीची साखर कळली नाही तर शिरका कधी पाणचट निघतो. भारतात विक्रीच्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते आणि घरच्यासाठीही मी तेच माप धरले.

काचेवर रसाचे दोन थेंब टाकावेत, झाकण हलकेच टेकवून आत बुडबुडा राहिला नाही ना ते पाहावे आणि यंत्र उजेडाकडे धरावे. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, ती रेघ म्हणजे साखरेचा आकडा. एकाच झाडाच्या उन्हातल्या फळांना १०.५ आणि आतल्या सावलीतल्या फळांना ९ आले, तेव्हा यंत्राचे पैसे वसूल झाले असे मला वाटले. आमचे मामंजी फोड चाखून कोणत्या झाडाची फळे गोड ते सांगतात आणि बहुतेक वेळा यंत्र त्यांच्याशी सहमत झाले. एका झाडाची फळे मात्र त्यांना गोड लागली आणि आकडा ९ च आला, कारण त्या फळांत आंबटपणाच कमी होता. आकडा ९ च्या खाली आला की मी लिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर घालते, तेवढ्याने तो एका अंशाने चढतो.

खरी अडचण आंबवणे सुरू झाल्यावर येते आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नव्हता. मार्चच्या पहिल्या बरणीत फेस बसल्यावरही आकडा ४ च्या खाली उतरेना, म्हणून साखर शिल्लक आहे असे समजून मी पुन्हा यीस्ट घातले आणि बारा दिवस वाट पाहिली. साखर केव्हाच संपलेली होती. मद्यार्कही प्रकाश वळवतो, त्यामुळे आंबलेल्या रसात हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. शेवटी रसात तरंगून त्याची घनता दाखवणारा काचेचा हायड्रोमीटर आणला. त्याच रसात तो १.००० च्या, म्हणजे साध्या पाण्याच्या घनतेच्या, आसपास तरंगला आणि शंका फिटली. आता रस काढताना रिफ्रॅक्टोमीटर आणि फेस बसल्यावर हायड्रोमीटर अशी माझी विभागणी आहे. शिरक्याचा आंबटपणा मात्र या दोन्हींनी कळत नाही.

मे महिन्यात आणखी एक उणीव दिसली. तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती यात ३० अंशांपर्यंतच आहे आणि आमच्या घरात दुपारी ४० च्या पुढे जाते. तेव्हा मोजणी पहाटे करावी, नाहीतर रस आणि यंत्र एकाच खोलीत तासभर ठेवून, डिस्टिल्ड वॉटरवर शून्य पुन्हा जुळवून मगच वाचन घ्यावे.

रस काढताना सालीचे तेल आत उतरू देऊ नये, कारण त्याने यीस्ट मंदावते; बिया आणि पडदे रसात राहिले तर काही तासांत कडवटपणा येतो. हे दोन्ही दोष यंत्र दाखवत नाही, जिभेलाच ओळखावे लागतात.

यंत्राची काच अजून स्वच्छ आहे, कारण मी ती साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मलमलीनेच पुसते. झाकणाची बिजागरी मात्र थोडी सैल झाली आहे. बाग घरची असेल तर हे यंत्र जरूर घ्यावे, पण शिरका करायचा असेल तर त्याच वेळी हायड्रोमीटरही मागवावा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या फळांची, पहिली बरणी परवा भरली, तिचा आकडा १० आहे.