मारवेल लावू की अंजन? माळावरच्या चाऱ्याचं काय ते

दोन्ही गवतं आपल्याच कोरडवाहू भागातली, दोन्ही बहुवर्षायू, एकदा बसली की काही वर्षं टेन्शन नाही. पण सगळे विचारतात चारा कुठल्याचा जास्त निघतो, आणि तिथंच गडबड होते, कारण आधी जमीन बघायला पाहिजे.

मुरमाड, रेताड, हलका माळ असेल तर डोळे झाकून अंजन. मुळं खोल जातात, ३००-४०० मिमी पावसातही तग धरतं आणि चराई सोसतं. फक्त पाणी तुंबलं की संपलं. मारवेलचं उलट, त्याला काळी किंवा मध्यम जमीन पाहिजे, बांध, ओढ्याकाठ अशा जागी मस्त फुटवे धरतं, थोडी चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेली) जमीन पण चालवून घेतं. ओळखायचं सोपं, मारवेलची काडी हातात घेऊन पेराची गाठ बघा, पांढऱ्या केसांचं कडं दिसेल. अंजनचं कणीस मात्र बाटली धुवायच्या ब्रशसारखं केसाळ.

लावणीत खरा फरक आहे. अंजनचं बी म्हणजे नुसता भुसा, एकमेकाला चिकटतं, मुठीतून नीट सुटतच नाही, म्हणून ओलसर मातीत कालवून टाकायचं आणि वरून अगदी नावाला माती. मी पहिल्या वर्षी ज्वारीसारखं खोल पेरलं आणि महिनाभर मोकळं रान बघत बसलो 😅 त्यात ताजं बी लवकर उगवत नाही, मागच्या हंगामाचं घ्या. मारवेलला ही कटकट नाही, मुळासकट ठोंब आणायचे आणि पावसाळ्यात लावायचे, पण एकर-दोन एकराला ठोंब लावत बसणं म्हणजे मजुरी आली. राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हा वाण आहे, थोडं पाणी असेल तर तोच बघा, कापण्या जास्त मिळतात. अंजनमध्ये झाशीच्या गवत संशोधन संस्थेचा बुंदेल अंजन आहे.

आणि हो, रोपवाटिकेत नुसतं अंजन म्हणालात तर अंजनाच्या झाडाचं रोप हातात देतील, 'अंजन गवत' म्हणा.

दोन्ही फुलोऱ्यात आली की कापायची, नंतर काडी नुसती कडक होते, जनावरं पुढ्यात टाकलं तरी नाक मुरडतात. पहिल्या वर्षी शेळ्यामेंढ्या आत सोडू नका, कोवळी ठोंबं मुळासकट उपटून येतात.

माझं म्हणाल तर माळावर अंजन आणि बांधाला मारवेल, दोन्ही ठेवलंय.