राहिलेल्या तपासण्यांचा पाठपुरावा: वही, सॉफ्टवेअर की फोन?

तपासणी लिहून दिली, पेशंट चिठ्ठी खिशात घालून गेला आणि पुढे काहीच झालं नाही. जनरल प्रॅक्टिसमध्ये हे सतत घडतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रिपोर्ट फारच वाईट असला तर लॅबमधून फोन येतो, पण जो रिपोर्ट आलाच नाही त्याच्यासाठी कोण फोन करणार? म्हणून कुठलीही पद्धत निवडताना मी आधी एवढंच बघते: नोंद चिठ्ठी देतानाच होते, की रिपोर्ट आल्यावर? रिपोर्ट आल्यावर होत असेल, तर न झालेली तपासणी तिथे कधीच दिसणार नाही.

सर्वात सोपा पर्याय म्हणजे पेशंटवर सोडणं: "काही निघालं तर आम्ही कळवू." मला हे वाक्य धोक्याचं वाटतं. आपल्याकडून फोन गेला नाही याचा अर्थ रिपोर्ट चांगला आहे, आलाच नाही, किंवा आला पण कुणी उघडला नाही, यांपैकी काहीही असू शकतो. पेशंट मात्र "सगळं ठीक आहे" असंच समजून बसतो. त्याऐवजी "अमुक तारखेपर्यंत आमच्याकडून काही कळलं नाही, तर तुम्ही फोन करा" असं सांगून ती तारीख चिठ्ठीवर लिहावी. जोडीला हे चांगलं आहे, पण एवढ्यावर विसंबू नये. घाबरलेला, विसरभोळा किंवा कामातून सुटका नसलेला माणूस फोन करत नाही, आणि बहुतेकदा काळजी त्याचीच असते.

वहीला लोक उगाच कमी लेखतात. एका डॉक्टरच्या दवाखान्यात ती उत्तम चालते, फक्त रकाने नीट आखायला हवेत: तारीख, नाव, फोन, तपासणी, कशासाठी, रिपोर्ट कधीपर्यंत यायला हवा, आला का, पेशंटला सांगितलं का. यातला "कशासाठी" गाळू नका. "छातीचा एक्स-रे" एवढंच लिहिलं तर फोन करणाऱ्याला घाई कळत नाही. "खोकल्यातून रक्त" लिहिलं की कळते. काम संपलं की ओळीवर रेघ मारायची, म्हणजे उरलेल्या ओळी आपोआप डोळ्यांत भरतात.

वहीची खोड अशी की पान उलटलं की मागचं विसरलं जातं. त्यासाठी दर महिन्याच्या सुरुवातीला उघड्या राहिलेल्या ओळी नव्या पानावर उतरवाव्या लागतात. हे कंटाळवाणं वाटत असेल तर कार्डांचा खोका करा: तारखांचे 31 कप्पे आणि महिन्यांचे 12. ज्या दिवशी चौकशी करायची त्या कप्प्यात कार्ड टाकायचं आणि रोज सकाळी त्या दिवसाचा कप्पा उघडायचा. दोन-तीन डॉक्टर असतील तर मात्र वही एका टेबलावर आणि पेशंट दुसऱ्या खोलीत, असं व्हायला लागतं.

तिथे सॉफ्टवेअर लागतंच. घेण्यापूर्वी विकणाऱ्याला स्क्रीनवर एवढंच करून दाखवायला सांगा: मुदत उलटूनही रिपोर्ट न आलेल्या तपासण्यांची यादी. आलेले रिपोर्ट दाखवणं आणि न आलेले शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरी परीक्षा अर्धवट रिपोर्टची. समजा पाच तपासण्या लिहिल्या. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्यामुळे पोटॅशियम करता आलं नाही, बाकी चार आल्या. ती ऑर्डर "पूर्ण" दिसली, तर तुमची राहिलेली तपासणी सॉफ्टवेअरनेच गिळली. आणि यादी कितीही चांगली असली तरी ती आठवड्यातून कोणत्या दिवशी, कुणी उघडायची हे नावानिशी ठरवावं लागतं. सगळ्यांची असलेली यादी कुणीच उघडत नाही.

आता एसएमएस की फोन? 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) अपॉइंटमेंटच्या आठवणीसाठी एसएमएस फोनइतकाच उपयोगी आढळला. नुसतं विसरणाऱ्यांसाठी तेवढा पुरतो. पण तपासणी का राहिली हे एसएमएस विचारत नाही. "काकू, थुंकीची तपासणी राहिली का?" असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, डबी आणलीय, पण नुसती लाळच येते." मग सकाळी उठल्याबरोबर, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकायचं असं समजावलं की काम होतं. कुणाला उपाशी राहणं जमत नसतं. नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीला बऱ्याचदा त्याची गरजही नसते. कुणाला निदानाचीच भीती असते, आणि ती ऐकून घ्यायला माणूसच लागतो. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर तपासणीचं नाव घ्यायचं नाही. एसएमएसमध्येही ते नको.

म्हणून मी सगळ्या तपासण्या एका मापाने मोजत नाही. शौचातून रक्त जात असल्याचं तपासणीत दिसल्यावर सांगितलेली कोलोनोस्कोपी, गाठीची बायोप्सी, एक्स-रेवरच्या डागाचा सीटी स्कॅन: यांना फोनच, तोही मुदत उलटली त्याच आठवड्यात. रक्तदाबाची एसीई गटातली गोळी सुरू केल्यावर 1 ते 2 आठवड्यांनी करायचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी): इथेही ढिलाई नको. थायरॉइडचा डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी करायची टीएसएच किंवा तीन महिन्यांची एचबीए1सी (साखरेच्या सरासरीची तपासणी) यांना आधी एसएमएस चालेल.

एकटे असाल तर वही आणि आठवड्यातला एक ठरलेला फोनचा तास, एवढं पुरे. दोन किंवा जास्त डॉक्टर असाल तर सॉफ्टवेअर घ्या, पण तातडीच्या नावांसाठी फोनचा तास तसाच ठेवा.

नोंद बंद कधी करायची हेही आधीच ठरवा. तपासणी झाली आणि पेशंटला सांगितलं. डॉक्टरने कारण लिहून ती रद्द केली. किंवा धोका समजून घेऊन पेशंटने नकार दिला आणि तसं तारखेनिशी लिहिलं. "फोन लागला नाही" म्हणून ओळीवर रेघ मारायची नाही. वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न करूनही लागला नाही, तर केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवा, म्हणजे तो माणूस सहा महिन्यांनी साध्या सर्दीसाठी आला तरी आधी तेच दिसेल.