रायझन ७ ५७००एक्स३डी : जुना प्रोसेसर ताणण्यापेक्षा बदललेला बरा

जुलै २०१९ मध्ये आलेला एएमडीचा रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा (गणना करणाऱ्या सहा स्वतंत्र भागांचा) प्रोसेसर अजूनही अनेकांच्या गेमिंग संगणकात आहे, आणि ग्राफिक्स कार्ड बदलले की तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने, चालवावा की सरळ नवा घ्यावा, हा प्रश्न उभा राहतोच. मी आधी ओव्हरक्लॉकिंग पूर्णपणे करून पाहिले आणि त्यानंतर नाशिकमध्येच, कॅनडा कॉर्नर परिसरातल्या एका दुकानातून, रायझन ७ ५७००एक्स३डी बसवून घेतला. नाशिकचा कडक उन्हाळा या प्रोसेसरवर काढल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे.

खर्चाचा विचार करण्याआधी संगणक नेमका कुठे अडतो आहे हे पाहणे आवश्यक आहे. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला काय किंवा बदलला काय, पडद्यावर फारसा फरक दिसणार नाही. माझ्याकडे १०८०पी रिझोल्यूशनवर हा वापर साठ-सत्तर टक्क्यांवरच घुटमळत होता आणि गर्दीच्या प्रसंगी चित्र अडखळत होते, म्हणजे कार्ड मोकळे असून प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवू शकत नव्हता. येथे प्रोसेसरचा एकूण वापर पाहून फसू नये, कारण ३६०० च्या बारा थ्रेडपैकी (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांपैकी) एक-दोन पूर्ण भरलेले असले तरी सरासरी आकडा कमीच दिसतो.

ओव्हरक्लॉकिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ३६०० वर ते करण्यात हशील नाही. हा प्रोसेसर मुळातच ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत स्वतःहून जातो, आणि सगळे कोअर एकाच वेगावर स्थिर ठेवायचे म्हटले तरी बहुतेक चिप त्याच आकड्याच्या आसपास थांबतात. त्यापुढच्या थोड्याशा वाढीसाठी व्होल्टेज चढवावे लागते, आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मिळणारा वेग थोडा आणि उष्णता मात्र पुष्कळ, असा व्यवहार होतो. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळीस अंशांजवळ पोहोचतो, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत प्रोसेसरच्या डब्यात मिळणाऱ्या छोट्या कूलरने हा भार पेलावा ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.

त्याऐवजी रॅमकडे पाहावे, कारण तिथे फुकटचा वेग पडून असू शकतो. ३२०० किंवा ३६०० वेगाची म्हणून विकत घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी नोंद, चालू केल्याशिवाय बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि संगणक जुळवून देणारे हे पाऊल कित्येकदा विसरतात. रायझनमध्ये कोअर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे ही एक नोंद बदलण्याचा लाभ ओव्हरक्लॉकिंगपेक्षा सहज अधिक मिळतो. ज्यांचे समाधान एवढ्याने होईल त्यांनी एक रुपयाही खर्च करू नये.

आता ५७००एक्स३डी विषयी. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या या प्रोसेसरला आठ कोअर आहेत, पण त्याचा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे ३६०० पेक्षाही कमी आहे. तरीही गेममध्ये तो पुष्कळ पुढे जातो, याचे एक कारण नवी झेन ३ रचना आणि दुसरे, अधिक मोठे कारण ९६ एमबीचे एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली अतिजलद मेमरी) हे आहे. ३६०० मध्ये ३२ एमबी कॅश असते आणि तेही १६-१६ चे दोन तुकडे करून, त्यामुळे लागणारी माहिती सापडली नाही की प्रोसेसरला रॅमची वाट पाहत थांबावे लागते. प्रोसेसरचा गिगाहर्ट्झमधला वेग कितीही वाढवला तरी हे थांबणे टळत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि फॅक्टोरिओ या गेममध्ये फरक सर्वाधिक जाणवला. दर सेकंदाला दिसणाऱ्या सरासरी फ्रेम वाढल्या हे खरेच, परंतु मोठ्या विमानतळावर उतरताना येणारे हिसके जवळजवळ नाहीसे झाले याचे समाधान मला अधिक आहे.

दुकानातल्या तंत्रज्ञाच्या कामाची मनापासून प्रशंसा करावीशी वाटते. त्याने जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, यूपीएसवर संगणक ठेवून, बी४५० मदरबोर्डचे बायोस अद्ययावत केले. हा क्रम उलटा झाला तर जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर सुरूच होत नाही. त्यानंतर त्याने काही वेळ एक गेम चालू ठेवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट गरम होऊ दिली, संगणक बंद केला आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करून मगच उचलला. एएम४ सॉकेटमध्ये (या प्रोसेसरांच्या मदरबोर्डावरील खाचेच्या प्रकारात) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि घाईने ओढल्यास प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला जाऊन त्या वाकतात. तत्पूर्वी शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात मला मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर असा सगळा संच बदलण्याचा आग्रह झाला होता, ज्याची माझ्या वापरासाठी अजिबात गरज नव्हती.

उणिवा मात्र लक्षात घ्याव्यात. डब्यात कूलर येत नाही, त्यामुळे चांगल्या टॉवर कूलरचा खर्च किमतीत धरावा. जादा कॅशचा थर प्रोसेसरच्या चिपवर रचलेला असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ऐंशीच्या घरात गेले, पण नव्वद अंशांची मर्यादा गाठली नाही. याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, बदलता येत नसल्याने नेहमीच्या पद्धतीचे ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही. व्हिडिओ संपादनासारख्या कामांत, जिथे मोठ्या कॅशचा उपयोग होत नाही, तिथे ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा साधा ५७००एक्स अधिक सरस ठरतो. आणि ज्यांचे ग्राफिक्स कार्ड मध्यम दर्जाचे आहे किंवा जे १४४०पी या मोठ्या रिझोल्यूशनवर, म्हणजे कार्डावरच जास्त भार टाकून, खेळतात, त्यांनी याच बोर्डावर बसणारा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घ्यावा. त्याच्यासोबत कूलरही मिळतो.