हेजहॉगसाठी मांजराचा कॅरियर: आठ महिने आणि पाच लांबच्या प्रवासांनंतर

आधीच सांगते, हा कॅरियर, म्हणजे जनावर प्रवासात न्यायचा डबा, मांजराचा आहे. हेजहॉगसाठी म्हणून विकले जाणारे दोन प्रकार मी आधी पाहिले होते. एक तारांचा बुटका पिंजरा, दुसरी खांद्याला अडकवायची जाळीची पिशवी. हेजहॉग तारांवर उत्साहाने चढतो, पण उतरणं त्याला जमत नाही, मग धपकन खाली येतो आणि एखादा पाय तारांत अडकलेला असतो. पिशवीला तर स्वतःचा आकारच नाही, करकचून ब्रेक लागला की ती आतल्या जिवासकट चेपणार. म्हणून कडक प्लास्टिकचा, पुढून आणि वरून उघडणारा, साधारण ४८ सेंमी लांबीचा डबा घेतला. माझ्या हेजहॉगचं, ठमीचं, वजन ४१० ग्रॅम. डबा तिला मोठाच आहे आणि तो तसाच हवा होता, कारण एका कोपऱ्यात झोपायची पिशवी ठेवून दुसरीकडे शी-शूला जागा उरते.

(पाहुणे तिला साळिंदर म्हणतात. साळिंदर उंदीर-घुशींच्या गटातलं. हेजहॉगचं नातं चिचुंद्रीशी. काटे दोघांनाही आहेत, एवढंच साम्य.)

आणल्या दिवशी डब्याला नव्या प्लास्टिकचा उग्र वास होता. ठमीने कड चाटली, तोंडात फेस केला आणि मान वाकडी करून तो फेस स्वतःच्या काट्यांवर थापत बसली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला झटका आला असं वाटतं. तसं काही नसतं, नवा वास मिळाला की हेजहॉग हे करतातच. तरीही प्रवासाच्या दिवशी असला नवेपणा नको म्हणून डबा आठवडाभर तिच्या घरातच उघडा ठेवला आणि आत तिचं न धुतलेलं फ्लीस, म्हणजे मऊ उबदार कापड, अंथरलं. तिसऱ्या रात्री ती आपणहून आत जाऊन झोपली. या जनावराची नजर अधू, सगळा भरवसा नाकावर. म्हणून प्रवासाला निघताना मी अंथरूण मुद्दाम धूत नाही. घरच्यांना ते आवडत नाही, पण प्रवास त्यांचा नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मी विकत घेताना विचारातही घेतली नव्हती. डब्यातलं तापमान आणि गाडीतलं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाळीव हेजहॉग मूळचा आफ्रिकेतला. त्याला साधारण २४ ते २७ अंश मानवतं. युरोपातले रानटी हेजहॉग हिवाळाभर निजून काढतात, त्यासाठी अंगात चरबी साठवतात. पाळीव हेजहॉगची तशी तयारी नसते. गारठले की यांचं शरीर तोच प्रयत्न करतं आणि त्यात ते दगावू शकतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. डबा सीटवर पट्ट्याने बांधण्यापेक्षा पुढच्या सीटमागे खाली ठेवून सीट मागे सरकवावी, म्हणजे तो घट्ट बसतो, हेही वाचलेलं होतं. तसंच केलं. डबा खरंच तसूभर हलला नाही. दुसऱ्या प्रवासात एसी सुरू, आम्हाला छान वाटत होतं, गाडीच्या पडद्यावर २४ दिसत होते. तीन तासांनी थांबलो आणि पिशवीत हात घातला तर ठमी अर्धवट उलगडलेली, पोट हाताला गार. एरवी हात लागला की काटे ताठ करून फुसफुसणारी ही बया ढिम्म.

कारण नंतर कळलं. आमच्या गाडीत मागच्या लोकांच्या पायांसाठी हवेची तोंडं पुढच्या सीटखाली आहेत. गार हवेचा झोत थेट डब्याच्या खालच्या झरोक्यांतून आत जात होता. तिला शर्टाच्या आत पोटाशी धरून बसले. गरम पाण्यात बुडवायचं नाही हे माहीत होतं, कारण ओलं अंग पुन्हा गारठतं. चाळीसेक मिनिटांनी तिने काटे उभारून मला टोचलं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशी दाखवूनही आणलं.

तेव्हापासून वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर या डब्याचाच भाग झाला आहे. आकडे दाखवणारा भाग माझ्यासमोर, सेन्सर आत. सेन्सर कुठे ठेवायचा यातही मी एकदा चुकले. झोपायच्या पिशवीत ठेवला तर तो तिच्या अंगाची ऊब दाखवतो आणि सगळं आलबेल वाटत राहतं. शिवाय तिने वायर चावून पाहिली. आता तो पिशवीबाहेर, डब्याच्या तळाशी, फ्लीसच्या घडीखाली असतो. एसीची हवा फक्त वरच्या तोंडांतून सोडतो आणि सीटखालच्या तोंडासमोर जाड चादरीची घडी लावतो.

उकाड्याचं उलट. कडक प्लास्टिक एका बाजूने उन्हात आलं की तापतं आणि लवकर निवत नाही. एका वळणानंतर ऊन आमच्या बाजूला आलं आणि आकडा वीस मिनिटांत २६ वरून ३० वर गेला. ठमी पिशवीबाहेर येऊन चारी पाय पसरून पोटावर सपाट पडली होती, ही तिची ‘उकडतंय’ म्हणायची खूण. तेव्हापासून उन्हाच्या बाजूच्या काचेला कापड असतं, आणि बंद गाडीत तिला एकटीला ठेवून कुणीही उतरत नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. जेवायचं असेल तर आळीपाळीने.

थंडीत ऊब द्यायला आधी हातात धरायचे ते रासायनिक गरम पाऊच वापरले. त्यांना चालायला हवेतला ऑक्सिजन लागतो. मी एक शहाणपणाने झिपच्या पिशवीत बंद केला, तो थोड्या वेळात थंड पडला. उघडा ठेवला तर इतका तापतो की अंगाला लागला तर भाजेल. आता मायक्रोवेव्हमध्ये तापवायची चकती जाड कापडात गुंडाळून डब्याच्या एकाच टोकाला ठेवते, म्हणजे नको असेल तर तिला बाजूला होता येतं.

पाण्याची वाटी आत ठेवायचा प्रयत्न पहिल्याच घाटात संपला. ओलं फ्लीस म्हणजे पुन्हा गारठा. दर दोनेक तासांनी थांबून उथळ झाकणात पाणी देते. कधी पिते, कधी पाठ फिरवते. खाणं निघायच्या थोडं आधी, तेही निम्मंच. यांनाही गाडी लागते. ती एकदा ओकली, आणि दोन प्रवासांनंतर एखाद दिवस शी हिरवट होती. ताणाने असं होतं. दुसऱ्या दिवशी ठीक झाली म्हणून मी सोडून दिलं, लांबलं असतं तर दाखवलं असतं.

रात्री गार असतं म्हणून एकदा रात्रीचा प्रवास करून पाहिला. मोठी चूक. तिचा दिवस तेव्हाच सुरू होतो. रात्रभर दार खरवडणं, डब्यात येरझारा, आणि तिचं पळायचं चाक आत ठेवता येत नाही कारण चालत्या गाडीत ते तिच्याच अंगावर आदळेल. दिवसा ती झोपलेली असते, आपण गाडी हाकावी. मुक्कामाला पोचल्यावर मात्र चाक हवंच. मी घडीचं कुंपण आणि मोठं चाक वेगळ्या पिशवीत नेते. एका मुक्कामाला चाक घरी राहिलं, तर दोन रात्री ती कुंपणाच्या कडेकडेने नुसती फिरत होती.

फ्लीसच्या पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला असावी. सुटलेला दोरा पायाला गुंडाळला जातो, पाय सुजेपर्यंत आपल्या लक्षातही येत नाही. टर्किश टॉवेल तर नकोच, नखं अडकतात.

डब्याच्या तक्रारी दोन. झरोके खूप खाली आहेत, पुसताना कोपऱ्यांत घाण राहते. आणि हा सगळा कारभार हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच, कारण हेजहॉग साल्मोनेला हे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू बाळगू शकतात. दुसरी तक्रार वरच्या दाराच्या खटक्याची. सहाव्या महिन्यात त्याचा प्लास्टिकचा दात मोडला. सुटा भाग मिळत नाही, वरचा अख्खा भागही मिळत नाही, नवाच डबा घ्या असं उत्तर आलं. ४१० ग्रॅमचं जनावर ते दार ढकलू शकत नाही असं मी दोन दिवस मानत होते. मग एका सकाळी ती कपाटाखाली सापडली. आता वरून बॅगेचा पट्टा आवळून ठेवते. तो पुढचं दार न अडवता बसतो, म्हणून नवा डबा अजून घेतलेला नाही.