बोटीवर चढण्याआधी कोविड चाचणी: सक्तीची की ऐच्छिक?

क्रूझ ठरवून बसलेली मावशी विचारते, चाचणी सक्तीची असलेली बोट घ्यावी की नसलेली?

खर्च आणि खटपट पाहिली तर ऐच्छिक सोपी. सक्तीत ऐनवेळी पॉझिटिव्ह निघालात की सगळा बेत पाण्यात.

सुरक्षिततेचं तसं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधल्या योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या क्रूझ बोटीवर सुमारे ३,७०० जणांपैकी ७१२ बाधित झाले. बंद केबिन, सामायिक जेवणघर, दुसरं काय होणार! पण सक्तीही अभेद्य नाही: नुकती लागण झालेला रॅपिड अँटिजेनमधून निसटतो, आरटी-पीसीआर जास्त नेमकी, तरी अहवाल येईपर्यंत लागण होऊ शकतेच.

लांबची सफर किंवा सोबत म्हातारी माणसं असतील तर सक्तीवाली मिळत असल्यास तीच घ्या. दोन रात्रींसाठी निघालेल्या, लस घेतलेल्या धडधाकट तरुणांना ऐच्छिक चालेल. खोकला-ताप असेल तर मात्र घरीच थांबा.